दोघांचा एकाहत्तर

चाचणी कक्षातून सात वर्षांची मृण्मयी बाहेर आली, तेव्हा तिच्या कपाळावर पट्ट्याचा लाल वळ उमटला होता. मुलाचा ताबा कुणाकडे द्यायचा, हे कौटुंबिक न्यायालयात आता या पट्ट्यावर ठरत असे. आई आणि वडील आळीपाळीने मुलासमोर बसत, आणि त्याच्या मनातली ओढ पट्टा आकड्यात सांगत असे.

"दोघांचाही एकाहत्तर," समुपदेशक बाई म्हणाल्या. "असं मी अकरा वर्षांत पाहिलं नाही."

"फेरचाचणी मागू," वकील मृण्मयीच्या आईला, वैजयंतीला, हळूच म्हणाले. "तुमचा आकडा एकाने जरी जास्त आला, तरी मुलगी तुमची."

वैजयंतीने होकार दिला आणि ती मुलीला पाणी पाजायला व्हरांड्यात घेऊन गेली.

"आई, सारखे आले ना गं?" मृण्मयीने विचारलं.

"हो. तुला कसं कळलं?"

"तू समोर होतीस ना, तेव्हा मी मुद्दाम मध्येमध्ये बाबाला आठवत होते. आणि बाबा होता तेव्हा तुला. खूप डोकं दुखलं."

 मुलीला समुपदेशक बाईंजवळ बसवून वैजयंती मृण्मयीच्या वडिलांकडे, निशिकांतकडे, गेली आणि तिने त्याला सगळं सांगितलं.  मग फेरचाचणी नको, असं दोघांनी लिहून दिलं.

"मग ठरवणार कोण?" वकिलांनी विचारलं.

"आम्हीच," निशिकांत म्हणाला.

दोघं बाकावर शेजारी बसले. पण गेल्या दीड वर्षात ते वकिलांमार्फतच बोलले होते. सुरुवात कशी करायची, ते दोघांनाही सुचेना.