आई, आशीर्वाद

नेरेइदाच्या घरी कुणी कधी आवाज चढवत नसे. म्हणून पोन्से शहरात मैत्रिणीकडे, योमायराकडे, राजमा-भात खाताना मायलेकींची जुंपली, तेव्हा तिचा चमचा हवेतच राहिला. योमायरा तिला ओढतच बाहेर निघाली. तिने धाडकन दार आपटलं आणि लगेच पुन्हा उघडलं.

"आई, आशीर्वाद."

"देव तुझं भलं करो," आतून आई खेकसली, "आणि आता तोंड काळं कर!"

"एवढं भांडूनही?" नेरेइदाने विचारलं.

"मग? आशीर्वाद घेतल्याशिवाय उंबरा कसा ओलांडायचा?"

सकाळपासून बाहेर असलेली नेरेइदा संध्याकाळी घरी परतली. दारातच थांबून म्हणाली, "बाबा, आशीर्वाद द्या."

बाबांनी मोबाइलवरून नजर वर केली. "का गं? कुठे निघालीस?"