मान वर केली की उघडते

हे लिहिणारच नव्हतो, कारण ऐकणारा प्रत्येक जण आधी हसतो. पण भुजंगअण्णा तिकडे खरंच उपाशी होते.

दहा दिवसांपूर्वी दवाखान्यात त्यांच्या अन्ननलिकेत कृत्रिम नसेचा धागा बसवला होता. खालची झडप उघडतच नव्हती, घास छातीत अडकायचा. धाग्याला गिळणं शिकवायला एका धडधाकट म्हाताऱ्याचं गिळणं रेकॉर्ड करून भरलं. ते दिलं बापू कोष्टींनी, अण्णांच्या शाळेपासूनच्या दोस्तानं.

तरी अण्णांना ताकसुद्धा उतरेना. आज तपासणीत मात्र त्यांनी वैतागून मान मागे टाकली, तोंडातला घोट गिळला, आणि पडद्यावर झडप चक्क उघडलेली दिसली. मान सरळ केली की पुन्हा बंद.

डॉक्टर पेंढारकर बाई बापूंकडे वळल्या. "काका, रेकॉर्डिंगच्या वेळी पाणी कसं प्यायलात?"

"कसं म्हणजे? मान मागं टाकून, वरनं. दवाखान्याचं भांडं, उष्टं कशाला करायचं?"

"गाढवा," अण्णा म्हणाले, "आता मी जन्मभर पंख्याकडं बघत जेवू व्हय?"

बापूंचा चेहराच पडला. "परत कापणार त्याला?"

"नाही. नवं गिळणं बाहेरूनच भरता येईल. पण तुम्हाला पुन्हा सहा तास नाकात नळी घालून बसावं लागेल."

बापूंनी अण्णांचा हात धरला. "उद्या सकाळीच येतो, भुजंग. सरळ बसून दोन भाकऱ्या खातो. आणि तुझ्या पोटात घास जाईपर्यंत माझी नळी कुणाला काढू देत नाय."