बाकावरची जागा

अकोल्याच्या थिएटरात मध्यंतर झालं तेव्हा प्राजक्ता धाकट्या भावावर, पियुषवर पुरती वैतागली होती. या सिनेमासाठी त्यानं तिला दर्यापूरहून बसनं ओढत आणलं होतं.

“पहिलाच भाग रटाळ होता. दुसरा काहून काढला, देव जाणे. अन् हा तिसरा तर सगळ्यात भिकार! दरवेळी मले काहून आणतं तू?”

“चौथाही निघाला पाहिजे, ताई.”

“डोकं फिरलं काय तुह्यं?”

पियुषनं मोबाइलवर आधीच्या दोन भागांतली चित्रं दाखवली. दोन्हींत तोच बसस्टँड होता. पहिल्यात बाकावर एक म्हातारा पाठमोरा बसला होता. दुसऱ्यात तो अर्धा वळला होता आणि त्याच्या उजव्या कानाची तुटकी पाळी दिसत होती.

“बाबा आहेत थे,” पियुष म्हणाला.

“बाबाले जाऊन नऊ वर्षं झाली. पहिला भाग पाच वर्षांआधी निघाला. अशे म्हातारे हर स्टँडवर असतात!” तिला त्याची कीवही येईना, नुसता संताप येत होता.

मध्यंतरानंतर तोच बसस्टँड आला. प्रसंग विनोदी होता, लोक खदखदून हसत होते. म्हातारा या वेळी समोर तोंड करून बसला होता.

ते बाबाच होते. त्यांनी थेट या दोघांच्या रांगेकडे पाहिलं, हातानं बाकावरची धूळ झटकली आणि सरकून एकाची जागा केली.

पियुष खुर्चीतून उठला. प्राजक्तानं त्याचं मनगट घट्ट धरलं.

पडद्यावर बाबा आणखी थोडे सरकले. आता तिथे दोघांची जागा होती.