तिंगतिंगचे पप्पा

ओमानमधल्या सलालाहला राहणारी वजीरा सकाळी घरातलं आवरून कॉम्प्युटरसमोर बसायची आणि चीनमधल्या एका प्राथमिक शाळेतल्या दुसरीच्या मुलांना स्काइपवरून इंग्रजी शिकवायची.

त्या वर्गात तिंगतिंग नावाची एक चिमुरडी होती. तिचे पप्पा इथे सलालाहलाच एका बांधकामावर होते आणि नुकतेच अपघातात गेले होते. "पोरीला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीही काही बोलू नका हं," असं तिथल्या वर्गशिक्षिकेने वजीराला बजावून ठेवलं होतं.

तास संपला की तिंगतिंग स्क्रीनला नाक लावायची आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारायची, "टीचर, माझे पप्पा दिसले?"

"दिसले ना! शहाळं पीत होते. तुझी आठवण काढत होते," असं काहीतरी वजीरा सांगायची आणि मनातल्या मनात तौबा करत कॉम्प्युटर बंद करायची. रोज नवं काही रचताना तिचा जीव मेटाकुटीला यायचा.

एक दिवस मात्र पोरीने काहीच विचारलं नाही. वजीरालाच राहवेना.

"काय गं, आज पप्पांची चौकशी नाही केलीस?"

"काल ते घरीच आले होते," तिंगतिंग हसून म्हणाली.


"सांगत होते, मला बघायला ते रोज तुमच्या दाराशी येऊन उभे राहतात, पण तुम्ही त्यांना कधी आत बोलावतच नाही."