वळ्ळियम्माचा दगड

"अक्का, दगडाला आतून तडा गेलाय. आता टाकी लावली तर उद्या पिठात खडे निघतील," दंडपाणी म्हणाला आणि हातोडी पिशवीत टाकून मोकळा झाला.

वळ्ळियम्मानं वाकून दगडावरून हात फिरवला. कोइम्बतूरच्या त्या गल्लीत चोवीस वर्षं ती इडलीचं पीठ विकत होती, ते याच ग्राइंडरच्या जिवावर. मोटर तीनदा बदलली, पट्टे किती बदलले याची गणतीच नाही. दगड मात्र तोच. दर सहा महिन्यांनी त्याला टाकी लावून द्यायला यायचा तोही हाच दंडपाणी. नवऱ्याच्या बोलण्यावर तिनं कधी फारसा भरवसा ठेवला नाही, पण दगडाच्या बाबतीत दंडपाणीचा शब्द म्हणजे देवाचा कौल.

तडा काही तिला दिसला नाही. आतून आहे म्हणाला, म्हणजे असणार. शहरातच दिलेली मुलगी तेन्मोळी सासरहून फोनवर म्हणाली, "अम्मा, किती दिवस त्या धोंड्याला कवटाळून बसणार? आडी महिन्याचे सेल लागलेत. घेऊन टाक की नवा!" मग घेतला. जुना दगड भंगारात घालतो म्हणून दंडपाणी घेऊन गेला. जाताना त्यानं मान वर केली नाही. बिचाऱ्यालाही वाईट वाटतंय, असं तिला वाटलं.

नवा दिसायला देखणा, पण कामाला उणा. गरागरा फिरायचा आणि पीठ तापवून ठेवायचा. इडल्या घट्ट होऊ लागल्या. शेजारची सरोजा तर दारात उभी राहून सगळ्यांदेखत म्हणाली, "अक्का, तुमच्या पिठाची इडली काल कावळ्याला घातली. मेला शिवलासुद्धा नाही!" तीन महिन्यांत गिऱ्हाईक निम्म्यावर आलं.

मग एक दिवस तीच सरोजा वाटीत दोन इडल्या घेऊन आली. बसस्टँडमागं पिठाचं नवं दुकान निघालं होतं, तिथल्या पिठाच्या. सगळी गल्ली आता तिकडंच जाते म्हणे, पुढं विकायला एक पोरगा बसतो. वळ्ळियम्मानं तुकडा तोंडात घातला आणि तिचा हात थांबला. ही चव तिच्या दगडाची होती. कुणी झोपेतून उठवून खायला घातली असती, तरी तिनं ओळखली असती.

"विकला मेल्यानं!" ती म्हणाली, आणि पायात चप्पल अडकवून तरातरा निघाली. दंडपाणी वाटेत भेटला असता तर तीच चप्पल हातात घेतली असती.

दुकानाच्या मागच्या खोलीत दगड फिरत होता. मुसळ पडून कडेचा टवका उडालेला, तो तिचाच दगड. आणि कोपरापर्यंत पिठात हात घालून उभी होती तेन्मोळी.

"तू? दंडपाणीनं तुला विकला?"

"त्याला कशाला बोल लावतेस? तडा गेलाय असं सांगा म्हणून मीच त्याचे पाय धरले."

वळ्ळियम्मा तिथल्या तांदळाच्या पोत्यावर बसली. परक्यानं गळा कापला असता, तर चार माणसं गोळा करून त्याला शिव्या तरी घातल्या असत्या. पोटच्या पोरीला कुठल्या शिव्या घालणार? तिनं एवढंच विचारलं, "मागितला असतास, तर मी दिला नसता का गं?"

तेन्मोळीनं हात थांबवला नाही.

"मागितला होता, अम्मा. लग्नात. रुखवतात जुना दगड मांडला तर लोक तोंडात शेण घालतील म्हणालीस, आणि आता तुझ्याकडं आहे तसाच चकचकीत डबा माझ्या गळ्यात बांधलास. चार वर्षं त्यातल्या इडल्या खाताना सासू रोज विचारायची, 'चांगला दगड तुझ्या आईनं कुणासाठी ठेवलाय?'"