कोस्मासचं सार

अंथूसानं संत कोस्मासचे दोन्ही गाल खरवडून मसुराच्या पातेल्यात टाकले, तेव्हा सैनिक गल्लीच्या तोंडाशी आले होते.

"अगं, आटप!" भिंतीपलीकडून शेजारीण थेक्ला कुजबुजली. "तसबीर सापडली की हात तोडतात. मग काय पायानं मसूर निवडशील?"

सम्राटाचं फर्मान निकाया शहरात येऊन महिना झाला होता. घराघरातल्या संतांच्या तसबिरी फोडा, लपवणाऱ्याला सोडू नका. अंथूसाच्या फळीवर मुळात दोन वैद्य भाऊ रंगवलेले होते. पण गल्लीत कुणाला ताप आला की चिमूटभर रंग खरवडून पाण्यातून पाजायची रीत. त्या रीतीपायी धाकटा दामियानोस मागच्या साथीतच संपला. थोरला कोस्मास कमरेपासून वर तेवढा उरला होता.

आता तोही. जमिनीवर सांडावा तर पायदळी येणार, चुलीत घालावा तर जळणार. संतानं जायचं ते माणसाच्या पोटात, एवढंच तिला ठाऊक होतं. डोळे तिनं शेवटाला ठेवले. आपलं कुठं काय चाललंय ते निदान त्याला दिसावं. मग तेही टाकले आणि पळी फिरवली. बसून घाईघाईनं सगळं पिऊन टाकायचा तिचा बेत होता.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

सैनिकांचा अंमलदार, मूळचा आर्मेनियाचा वाहान, आत आला. कमरेला कुऱ्हाड. "तुम्ही पुढची घरं बघा," त्यानं सैनिकांना सांगितलं आणि दाराला आतून कडी घातली.

"जेवायला बसत होतीस वाटतं, मावशी?"

"हो... या ना सरदार, दोन घास घ्या." तोंडातून निघून गेलं. जीव जायची वेळ आली तरी सवय काही जात नाही.

आणि तो खरंच बसला. पहिल्याच घासाला दाताखाली कचकचलं.

"खडे आहेत गं."

"बाजारातले मसूरच मेले तसले."

त्याच्या दाढीत सोन्याचा एक कण चमकत होता. कोस्मासच्या प्रभावळीचा. पण त्यानं तो कण जिभेनं सहज टिपून घेतला, आणि तिच्या मनात आलं, जितकं हा खाईल तितका पुरावा कमी. तिनं दुसरी वाटी भरली. तो नको नको म्हणत असताना तिसरी ओतली.

"सासुरवाडीत पण एवढा आग्रह नव्हता झाला," वाहान म्हणाला. पण हसला नाही. भाकरीनं वाटी पुसून खाल्ली. पातेल्याचा तळ दिसला.

मग तो उठला. "तसबीर कुठंय?"

"कसली तसबीर?"

"मावशी, खोटं बोलू नकोस. अख्ख्या गल्लीला माहीत आहे."

तिनं पिठाच्या रांजणामागून फळी काढून दिली. काढताना ती रांजणावर दोनदा आपटली. वाहाननं ती खिडकीतल्या उजेडात धरली. उलटी केली. परत सुलटी केली. दोन्हीकडे नुसतं लाकूड. त्यानं एक कोपरा नखानं खरवडला, नख नाकाशी नेलं.

अंथूसानं डोळे मिटले, दोन्ही हात पुढे केले आणि वाट पाहू लागली. चुलीत ओलं लाकूड चरचरत होतं. बाहेर कुणाच्या तरी दारावर घाव पडत होते. तिच्या हातांवर मात्र काहीच पडेना.

तिनं डोळे उघडले. वाहान गुडघ्यांवर बसला होता. कोरी फळी त्यानं छातीशी धरली होती.

"अगदीच कोरी कशी असेल?" तो दाराकडे बघत कुजबुजला. "कुठं पुडीत बांधून ठेवला असशील, तर नखभर तरी दे. कुणाला सांगत नाही. पोरगी चार दिवस तापानं फणफणतेय, मावशी... एवढ्यासाठीच तर ही गल्ली मागून घेतली मी."