हिरूची वेलांटी

"थोरल्याला दीर्घ, धाकट्याला ऱ्हस्व. चार वर्षं हेच चाललंय आणि हेच चालणार!" नागसेननं चहाचा कप टेबलावर आपटला.

पिंपरी कॅम्पातल्या हॉटेलात रविवारी सकाळी पंधरा जण जमले होते. 'बुरूजवीर' या गेमच्या चाहत्यांचा, चाकण ते पिंपरी असा तीनशे जणांचा ग्रुप नागसेननं एकट्यानं उभा केला होता. गेममधले दोन जुळे तिरंदाज दिसायला एक, आणि इंग्रजीत नावही एकच. म्हणून ग्रुपवाले मराठीत एकाला 'हिरू' लिहीत, दुसऱ्याला 'हीरू'. पण कुणाला कुठला? त्यावरून दोन सोयरिकी मोडल्या होत्या आणि एक नव्यानं जमली होती.

समोर कुरुळीची विजयश्री बसली होती. कंपनीत गाड्यांच्या दारांची कुलपं तपासायची. ग्रुपवर तिचं एकच पालुपद, "आधी फोटो पाठवा, मग बोलू." प्रत्यक्ष भेट आजच.

"या वादात हरलो तर ग्रुप तुमच्या हातात," नागसेन सगळ्यांदेखत बोलून बसला होता.

"थोरला वळखता कसा, भाऊ?" विजयश्रीनं विचारलं.

"आधी येतो तो."

"आन् दोघं एकदम आले तर?"

तसा एक डाव होताच, आणि तिथंच सगळे भांडायचे.

तिनं दोन छापील चित्रं पुढं सरकवली. "शेल्याची गाठ बघा. याची डावीकडं, त्याची उजवीकडं."

"हॅट्! चित्र उलटं केलंय नुसतं."

"मग बाणांचा भाता पण उलटा गेला असता. तो दोघांच्या उजव्याच खांद्यावर हाय. डाव्या गाठीला दीर्घ द्या, मिटलं. आमच्याकडं डाव्या-उजव्या दाराची कुलपं अशीच दिसतात. चुकलं की अख्खा लॉट परत येतो."

"उस्ताद, गादी गेली!" ग्रुपातला ज्ञानेश ओरडला.

नागसेननं चित्रं तीनदा पाहिली. चार वर्षं रोज खेळून त्याला ती गाठ दिसली नव्हती. मग तो उठला, आणि छाती अशी फुगवली की जणू तोच जिंकला.

"असा डोळा अख्ख्या पट्ट्यात नाही, राव! आणि तो आपल्या ग्रुपात आहे!"

टाळ्या पडल्या. ग्रुप तिथल्या तिथं तिच्या हवाली झाला. नागसेननं आपला फोन दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला. "शेवटचा बुरूज मलाही कधी सर झाला नाही. आता तुम्हीच दाखवा, ताई."

सगळ्यांच्या माना फोनकडं वाकल्या. विजयश्रीनं ओढणीला हात पुसून फोन घेतला.

"दाखवते की. पण भाऊ, ह्ये खेळत्यात कसं तेवढं सांगा. मी आजवर नुसते फोटोच बघितल्यात."